गोळी ‘उष्ण पडली’ म्हणजे नेमके काय झाले?

मराठी माणूस औषधाविषयी बोलू लागला की त्याच्या तोंडी तीन प्रयोग हमखास येतात. औषध ‘लागू पडते’, औषधाने ‘गुण येतो’ आणि औषध ‘उष्ण पडते’. पहिल्या दोहोंचा अर्थ स्पष्ट आहे, तिसऱ्याचा नाही. तोंड आले, छातीत जळजळ झाली, लघवीला आग झाली, अंगावर पुरळ उठले, तळपाय पेटल्यासारखे झाले, गरगरले, जुलाब लागले, यांपैकी काहीही झाले तरी ‘गोळी उष्ण पडली’ एवढेच सांगितले जाते, आणि पुष्कळदा त्याच वाक्यासरशी गोळी बंद होते. या तक्रारींपैकी काही निरुपद्रवी असतात, काही वेळ किंवा मात्रा बदलल्याने थांबतात आणि काही जिवावर बेतणाऱ्या असतात. त्या साऱ्या एकाच शब्दाखाली झाकल्या गेल्या की डॉक्टरांना कारण शोधता येत नाही आणि रुग्णाला निर्णय घेता येत नाही. औषधाचा गुण आणि औषधाचा त्रास यांचा हिशेब रुग्णाने कसा मांडावा, हा या लेखाचा विषय आहे.

हा हिशेब किती अवघड होऊ शकतो, हे पाहण्यासाठी सुरतेतील लिंबायत हे ठिकाण बोलके आहे. शहराच्या पूर्वेकडील या दाट वस्तीत मराठी भाषकांची मोठी संख्या आहे. उधना–जळगाव रेल्वेमार्गाने धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून आलेली ही कुटुंबे यंत्रमागांवर, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत आणि साड्यांच्या बाजारपेठांत कामाला लागली व तेथेच स्थिरावली. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. येथील रुग्ण घरी अहिराणी किंवा मराठी बोलतो, कारखान्यात हिंदी बोलतो, दवाखान्यात गुजराती ऐकतो आणि त्याच्या हातात पडणारी चिठ्ठी इंग्रजीत असते. चार भाषांच्या या वाटेवर सर्वात आधी हरवतो तो त्याचा स्वतःचा अनुभव.

गोव्यातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. वास्को, मडगाव किंवा म्हापशाच्या दवाखान्यातही कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड बोलणारे रुग्ण एकाच बाकावर बसतात आणि चिठ्ठी तीच असते. शिवाय गोवा हे औषधे तयार करणारे राज्य आहे. वेर्णा येथील औद्योगिक वसाहतीतून निघालेली गोळी देशभर जाते. ती जिथे पोचते तिथे तिचे काय होते, याचे कुतूहल येथे असायलाच हवे.

परिणाम एकच, बाजू दोन

औषध शरीरात गेले की ते केवळ दुखऱ्या जागी जात नाही. रक्ताबरोबर सर्वत्र फिरते. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी वेदना निर्माण करणाऱ्या रसायनांची निर्मिती रोखते. परंतु त्याच प्रकारची रसायने जठराच्या आतील अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडातील रक्तप्रवाह राखतात. म्हणून गुडघ्याचा ठणका थांबवणारी गोळी पोटात व्रण करू शकते. येथे गुण आणि दोष वेगवेगळे नसून एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत. असे त्रास बहुधा मात्रेवर अवलंबून असतात आणि त्यांचा अंदाज आधी बांधता येतो.

दुसऱ्या प्रकारचे त्रास व्यक्तीच्या प्रकृतीवर ठरतात. एखाद्याला पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी असते, तर शेजाऱ्याला त्याच औषधाने काहीच होत नाही. जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या व्यक्तीला हिवतापावरील प्रायमाक्विन दिल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात. शेजाऱ्याचा अनुभव आपल्याला लागू पडेल असे नाही, हे यावरून ध्यानात यावे. ‘त्याला ही गोळी सोसली नाही, म्हणून मी घेत नाही’ आणि ‘त्याला गुण आला, म्हणून मीही घेतो’, ही दोन्ही वाक्ये सारखीच धोक्याची आहेत.

क्षयरोग: सहा महिन्यांची परीक्षा

औषधाचा गुण आणि त्रास यांची सर्वात कठीण सांगड क्षयरोगाच्या उपचारात घालावी लागते. हा आजार हवेतून पसरतो. एका खोलीत पाच-सहा माणसे झोपतात तेथे त्याला वाव मिळतो. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. २०१७ पर्यंत सरकारी कार्यक्रमात ही औषधे आठवड्यातून तीन दिवस दिली जात. त्यानंतर देशभर रोजची मात्रा लागू झाली. गोळ्यांची संख्या रुग्णाच्या वजनावरून ठरते.

या चारही औषधांचा स्वभाव वेगळा आहे आणि रुग्णाला तो आधी सांगितला गेला तर अर्धी भीती तेथेच संपते. रिफाम्पिसिनमुळे लघवी, घाम आणि अश्रू नारिंगी-तांबूस होतात. पहिल्याच दिवशी लघवीचा रंग पाहून ‘रक्त जाते आहे’ अशी समजूत होते, परंतु हा केवळ औषधाचा रंग असतो. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येतात, तळपाय जळजळतात. ‘उष्ण पडली’ असे जिच्याविषयी म्हटले जाते ती तक्रार अनेकदा हीच. शरीरातील ब-६ जीवनसत्त्व कमी पडल्याने नसांना होणारा हा त्रास आहे आणि पायरिडॉक्सिनची छोटी गोळी सोबत दिल्यास तो टाळता येतो. मधुमेही, कुपोषित आणि मद्यपान करणाऱ्या रुग्णांना त्याचा धोका अधिक. पायराझिनामाइडने रक्तातील युरिक आम्ल वाढून सांधे दुखतात. त्यावर बहुधा साधा उपाय पुरतो. इथॅम्ब्युटॉलचा परिणाम मात्र दृष्टीच्या नसेवर होऊ शकतो. अंधूक दिसू लागले, तांबडा आणि हिरवा रंग ओळखताना गोंधळ होऊ लागला, तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांकडे जावे लागते.

सर्वात गंभीर त्रास यकृताचा. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्हींमुळे यकृताला सूज येऊ शकते. अन्नावरची वासना उडते, उलट्या होतात, डोळे पिवळे पडतात आणि लघवी गडद होते. येथेच एक पेच आहे. रिफाम्पिसिननेही लघवी रंगते आणि कावीळ झाली तरी ती रंगते. पहिली निरुपद्रवी, दुसरी घातक. केवळ रंगावरून फरक कळत नाही. सोबत उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि डोळ्यांचा पिवळेपणा आहे का, हे पाहावे लागते. अशा वेळी डॉक्टर औषधे थांबवतात, रक्त तपासतात आणि यकृत पूर्ववत झाल्यावर एकेक औषध पुन्हा सुरू करून दोषी कोणते ते शोधतात. म्हणजे गंभीर त्रास झाला तरी उपचार संपत नाही. तो दुसऱ्या वाटेने पुढे जातो. रुग्णाने न सांगता गोळ्या सोडल्या तर मात्र ती वाट बंद होते.

या उपचारातील दुसरा सापळा त्रासाचा नसून गुणाचा आहे. प्रभावी औषधे सुरू झाली की काही आठवड्यांत खोकला कमी होतो, ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढते. रोजंदारीवरच्या माणसाला बरे वाटले की तो कामावर परततो आणि गोळ्या मागे पडतात. परंतु बरे वाटणे आणि बरे होणे यांत चार महिन्यांचे अंतर आहे. उरलेले जंतू त्या काळात मारायचे असतात. ते राहिले तर आजार उलटतो आणि कधी औषधांना न जुमानणारे रूप घेतो. लग्नसराईत किंवा सणाला खानदेशातील गावी जाणाऱ्या कामगाराची औषधे याच काळात तुटतात. खरे तर सरकारी कार्यक्रमात नोंद झालेला रुग्ण निक्षय प्रणालीतून दुसऱ्या जिल्ह्यातच नव्हे, तर दुसऱ्या राज्यातील केंद्राकडेही वर्ग करता येतो. जाण्यापूर्वी केंद्रावर एक शब्द टाकणे एवढेच त्यासाठी हवे. उपचारकाळातील पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली आहे. रिकाम्या पोटी चार औषधे सोसत नाहीत, हे ज्याने ती घेतली आहेत त्याला सांगावे लागत नाही.

एका श्रवणशक्तीची किंमत

रुग्णाच्या अनुभवाने उपचार बदलू शकतात, याचे एक उदाहरण मुंबईतून पुढे आले. पत्रकार नंदिता व्यंकटेशन यांना महाविद्यालयीन काळात, २००७ मध्ये क्षयरोग झाला. तो बरा झाल्यावर २०१३ मध्ये आतड्याच्या क्षयरोगाने पुन्हा गाठले. त्या वेळी दिलेल्या कॅनामायसिन या इंजेक्शनने त्यांची श्रवणशक्ती गेली. कॅनामायसिन आतल्या कानातील नाजूक पेशी नष्ट करते आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. प्रतिरोधी क्षयरोगाच्या उपचारात हे औषध अनेक वर्षे वापरले गेले आणि जगभरात अनेकांना प्राणांच्या बदल्यात कान द्यावे लागले.

व्यंकटेशन यांनी आपला अनुभव उघडपणे मांडला. दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा टिसिले यांचीही श्रवणशक्ती याच आजाराच्या उपचारात गेली होती. बेडाक्विलिन या तोंडाने घ्यावयाच्या नव्या औषधाच्या एकाधिकाराची मुदत वाढवून मागणाऱ्या अर्जाला दोघींनी २०१९ मध्ये भारतात आव्हान दिले. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला आणि स्वस्त पर्यायांचा मार्ग मोकळा झाला. दरम्यान २०१८ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन व कॅप्रिओमायसिन ही इंजेक्शने यापुढे वापरू नयेत असे सांगितले होते. बेडाक्विलिनही निर्दोष नाही. त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून उपचारादरम्यान ईसीजी काढावा लागतो. फरक इतकाच की हा धोका वेळीच दिसतो आणि सावरता येतो.

पाळी, उकाडा आणि गोळीची वेळ

चिठ्ठीवर ‘सकाळ–संध्याकाळ’ असे लिहिलेले असते. यंत्रमागावर बारा तासांची पाळी असणाऱ्याची सकाळ कोणती? रात्रपाळी संपवून आठ वाजता घरी येणारा माणूस जेवून झोपतो. त्याचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. पंधरवड्याने पाळी बदलली की सारे पुन्हा उलटते. औषधांचे बरेचसे ‘त्रास’ मुळात या बदललेल्या घड्याळाचे असतात.

मधुमेहावरील ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ती घेऊन जेवण टळले तर रक्तातील साखर खाली घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस बरळू लागतो. फिरत्या यंत्रासमोर उभ्या असलेल्या कामगाराला ही स्थिती किती महागात पडेल हे सांगायला नको. अशा वेळी ताबडतोब साखर किंवा गूळ खावा आणि नंतर डॉक्टरांना जेवणाच्या खऱ्या वेळा सांगाव्यात. गोळीची वेळ घड्याळाशी नव्हे, जेवणाशी बांधलेली असते. मेटफॉर्मिनने मात्र सहसा साखर एकदम उतरत नाही. त्याचा त्रास मळमळ आणि जुलाबांचा. जेवणाबरोबर, कमी मात्रेपासून सुरुवात केली की तो बहुतेकांना सोसतो. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून पायाला मुंग्या येत असतील तर त्याचीही तपासणी करून घ्यावी.

सर्दीच्या गोळीची गोष्ट अशीच. तिच्यात पुष्कळदा क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन असते आणि त्याने गुंगी येते. रात्रपाळीला जाताना, दुचाकी चालवताना किंवा यंत्रावर काम करताना ती घेऊ नये, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही.

उभ्याने काम करणाऱ्यांच्या पाठीचा आणि पायांचा ठणका हा तेथील नित्याचा विषय. वेदनाशामक गोळी घेऊन पाळी ओढणे अंगवळणी पडते. उकाड्याने अंगातील पाणी कमी झालेले, त्यात रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू, आणि वर डायक्लोफेनॅक. या तिन्हींची गाठ पडली की मूत्रपिंडावर एकदम ताण येतो. रुग्ण रक्तदाबाची चिठ्ठी एका डॉक्टरांकडून आणि वेदनेची गोळी दुकानातून घेत असेल, तर ही गाठ कोणाच्याही लक्षात येत नाही.

लिंबायतमधील अनेक स्त्रिया घरबसल्या साड्यांना टिकल्या आणि खडे लावण्याचे काम करतात. गरोदरपणात किंवा रक्तक्षयावर त्यांना लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या गोळ्यांनी शौचास काळे होते, बद्धकोष्ठ होते, मळमळते, आणि गोळ्या डब्यातच राहतात. लोहाने होणारा काळा रंग निरुपद्रवी आहे. परंतु वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला डांबरासारखी काळी, चिकट शौचास होत असेल तर ते जठरातील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. तांबूस लघवीप्रमाणे येथेही खूण एक आणि अर्थ दोन. खुणेवरून निर्णय न घेता, कोणते औषध चालू आहे याच्याशी ती ताडून पाहावी लागते. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये; चहाने लोह कमी शोषले जाते. रिफाम्पिसिन घेणाऱ्या स्त्रीने गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नये, कारण रिफाम्पिसिनमुळे ती निष्प्रभ होते. हे तिला स्वतःहून सांगितले गेले पाहिजे. विचारण्याचा संकोच असतोच.

न जाणवणारा गुण

काही औषधांचा त्रास जाणवतो आणि गुण जाणवत नाही. रक्तदाबाची गोळी हे त्याचे ठळक उदाहरण. रक्तदाब वाढलेला असताना बहुतेकांना काहीच होत नसते. गोळी सुरू झाल्यावर मात्र अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, एनालाप्रिल किंवा रामिप्रिलने कोरडा खोकला सुरू होतो. ‘बरा होतो, औषधाने आजारी पडलो’, असा निष्कर्ष निघतो. जो अर्धांगवायू आला नाही, जो हृदयविकाराचा झटका टळला, त्याचा अनुभव कोणालाच येत नसतो. म्हणून या औषधांचा गुण मोजण्याचे साधन शरीराची जाणीव नव्हे, रक्तदाबाचा आकडा होय. कोरडा खोकला असह्य झाला तर त्याच कामाची दुसरी गोळी मिळते. घोट्यांची सूज मात्रा कमी केल्याने उतरू शकते. पर्याय आहेत, पण ते मागावे लागतात.

अनुभव खरा असूनही त्याचे कारण चुकीचे असू शकते, हेही मान्य केले पाहिजे. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांच्या त्रासामुळे त्या सोडून दिलेल्या ६० रुग्णांवर लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या गेल्या. चारांत स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि चार रिकाम्या. रुग्णांनी रोज आपल्या त्रासाची नोंद केली. स्टॅटिनच्या महिन्यांत जितका त्रास झाला त्यातला सुमारे नव्वद टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. त्रास खोटा नव्हता. तो गोळी घेण्याच्या धास्तीतून आला होता. हे निष्कर्ष दाखवल्यावर निम्म्या रुग्णांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केले. रुग्णाला खोटे ठरवून जे साधले नसते, ते त्याच्याच नोंदवहीने साधले.

चिठ्ठीविना औषध आणि १९९४ ची आठवण

सुरतेच्या इतिहासात औषधाविषयीच्या सामूहिक भीतीचा एक प्रसंग नोंदलेला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये शहरात फुफ्फुसी प्लेगची साथ आल्याचे जाहीर झाले. वेड रोड आणि कतारगाम भागांत रुग्ण आढळले आणि लाखो लोक रेल्वे व बसगाड्यांनी शहर सोडून निघाले. टेट्रासायक्लिन हे प्लेगवरील योग्य औषध होते आणि त्याने प्राण वाचले, यात शंका नाही. परंतु दुकानांतील साठा गरज असो वा नसो, भराभर विकत घेतला गेला. टेट्रासायक्लिन गरोदर स्त्रीने घेतल्यास बाळाचे आणि आठ वर्षांखालील मुलांना दिल्यास त्यांचे दात कायमचे पिवळट-तपकिरी होऊ शकतात. साथीच्या वेळी असा धोका पत्करणे योग्य ठरेलही, पण तो विचार करून पत्करायचा असतो.

चिठ्ठीची सक्ती याच विचारासाठी आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ मध्ये अनेक प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि सवय लावणारी काही औषधे येतात. त्यांच्या वेष्टनावर तांबड्या चौकटीत इशारा असतो आणि विक्रेत्याला डॉक्टर व रुग्णाच्या नावाची नोंद तीन वर्षे जपावी लागते. स्टेरॉइडच्या गोळ्या तर चिठ्ठीविना कदापि घेऊ नयेत. त्यांनी सांधेदुखी आणि दमा झटकन शमतो, भूक लागते, चेहरा भरतो. ‘औषध मानवले’ असे वाटते. आतून मात्र साखर व रक्तदाब चढतो, हाडे ठिसूळ होतात. अनेक आठवड्यांनंतर ती एकाएकी बंद केली तर शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती थंडावलेली असल्याने माणूस कोसळू शकतो. ती उतरत्या मात्रेनेच थांबवावी लागतात.

त्रास कसा सांगावा

‘उष्ण पडली’ या दोन शब्दांऐवजी डॉक्टरांना पाच गोष्टी सांगाव्यात. कोणते औषध, किती आणि केव्हापासून (गोळ्यांची पट्टी फेकू नये, सोबत न्यावी). त्रास औषध सुरू केल्यावर किती तासांनी किंवा दिवसांनी सुरू झाला. नेमके कोठे आणि काय झाले. जळजळ, खाज, सूज, मुंग्या, गरगर की आणखी काही. एखादी मात्रा चुकली किंवा थांबली तेव्हा त्रास कमी झाला का, आणि पुन्हा घेतल्यावर परतला का. आणि पाचवी, जी हमखास लपवली जाते: सोबत आणखी काय चालू आहे, आयुर्वेदिक काढा, दुकानातून घेतलेली गोळी, तंबाखू, दारू.

औषध आणि त्रास यांचा संबंध ठरवण्यासाठी १९८१ पासून डॉक्टर जी नारांजो प्रश्नावली वापरतात, तिचे दहा प्रश्न बऱ्याच अंशी याच गोष्टी विचारतात. त्यांतील अनेक प्रश्नांची उत्तरे कोणत्याही प्रयोगशाळेत नसतात. ती रुग्णाच्या स्मरणात असतात. दिनदर्शिकेच्या त्या त्या तारखेवर दोन शब्द लिहून ठेवले तरी पुरते. सुरतेत दिनदर्शिका मराठी आहे की गुजराती, याने फरक पडत नाही.

काही लक्षणे मात्र नोंदत बसू नयेत. ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास कोंडणे, ताप येऊन अंगावर फोड उठणे व तोंड सोलवटणे, डोळे पिवळे होणे, अंधूक दिसणे, डांबरासारखी शौचास होणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. इतर त्रास अंगावर काढू नयेत आणि औषधही स्वतःच्या मनाने सोडू नये.

नोंद कोठे करावी

१९६१ मध्ये गरोदर स्त्रियांनी घेतलेल्या थॅलिडोमाइडमुळे अपंग बालके जन्मल्याचे उघड झाले. त्यानंतर १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या दुष्परिणामांची आंतरराष्ट्रीय नोंद सुरू केली. भारतात औषधसतर्कता कार्यक्रम जुलै २०१० मध्ये आरंभला आणि एप्रिल २०११ पासून त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाकडे आहे. देशभरातील वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रे आहेत. नोंद डॉक्टरच करू शकतात असे नाही. रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही करू शकतात. त्यासाठीचा अर्ज मराठी आणि गुजरातीसह अनेक भारतीय भाषांत मिळतो. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कामाच्या दिवशी माहिती देता येते. क्षयरोगाच्या रुग्णांसाठी १८००-११-६६६६ ही निक्षय मदतवाहिनी आहे. गोव्यातील रुग्णालाही हेच क्रमांक लागू आहेत.

अशा नोंदींचे पुढे काय होते? ३० नोव्हेंबर २०२३ रोजी आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडविषयी सूचना जारी केली. मासिक पाळीतील पोटदुखीवर घराघरांत घेतल्या जाणाऱ्या या औषधाने क्वचित त्वचा व अंतर्गत अवयवांवर गंभीर प्रतिक्रिया उमटू शकते, असे नोंदींच्या तपासणीतून दिसले होते. औषध बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्या काही शे किंवा काही हजार लोकांवर होतात. दहा हजारांत एखाद्याला होणारा त्रास त्यांत सापडत नाही. तो सापडतो नंतर, खऱ्या माणसांत, आणि त्यांनी सांगितला तरच.

वेर्ण्यात गोळीची शुद्धता तपासली जाते, दुकानात तिची मुदत तपासली जाते, दवाखान्यात तिची मात्रा ठरते. ती पोटात गेल्यावर काय घडले, ही शेवटची तपासणी करणारा मात्र एकच असतो. तो लिंबायतचा मागवाला असो की मडगावचा दुकानदार, ‘उष्ण पडली’ म्हणून त्याने पट्टी फेकून दिली तर त्या तपासणीचा निकाल त्याच्याबरोबरच हरवतो. नेमके काय झाले ते सांगितले, तर त्याचा स्वतःचा उपचार पुरा होतो आणि पुढे तीच गोळी घेणाऱ्या अनोळखी माणसाचेही रक्षण होते.